एका शब्दात एकच झेंडू

ज्यांचा आवाज गेला आहे, किंवा जाईल अशी भीती ज्यांना घातली गेली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गळ्यात काय कुठे असतं ते डॉक्टर सांगतील, कागदावर आकृतीही काढून देतील. मी आकृती काढणार नाही. मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. बोलणं हेच माझं काम, आणि नव्वदचं दशक संपता संपता माझं बोलणंच बंद पडलं. ते परत कसं आलं, आणि येताना माझं इंग्रजी कसं सुधारून घेऊन आलं, एवढंच सांगायचं आहे. वाचताना थोडी फुशारकी वाटली तर वाटू द्या. ती मी कमावलेली आहे.

फोटोतली मान

आमची शाळा नाशिक सोडून ओझरकडे जाताना लागते. दहावीच्या निरोप समारंभाला वर्गाचा फोटो काढतात, तसा त्या वर्षीही काढला. फोटो धुऊन आला तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्याजणी आपापली साडी बघत होत्या. गणिताच्या वैद्यबाई मात्र माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "कुंदाताई, गळ्याशी हे काय हो?"

मी म्हटलं, मंगळसूत्राची सावली असेल. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि आवंढा गिळला. सावली वर गेली आणि खाली आली.

मग तपासण्या झाल्या. आमच्या घरात "गाठ" हा शब्द तोवर फक्त साडीच्या किंवा दोऱ्याच्या गाठीसाठी वापरला जायचा. आमचं घर मखमलाबादचं, फुलं पिकवणारं. दोरा सगळ्या घरभर. आता तोच शब्द निघाला की सगळे एकमेकांकडे बघायचे. सासूबाईंनी एकदाच विचारलं, "म्हंजी त्येच का?" आणि उत्तर यायच्या आत गोठ्याकडे निघून गेल्या.

ऑपरेशन मेच्या सुट्टीत करायचं ठरलं. सर्जन फार सरळ माणूस. त्यांनी समोर बसवून सांगितलं, की आवाजाची नस गाठीला अगदी चिकटून जाते, तिला धक्का लागू शकतो, आम्ही जपू, पण खात्री देत नाही. माझे यजमान ओझरच्या विमान कारखान्यात, त्यांना यंत्रातलं कळतं. त्यांनी मान डोलावली. मी ऐकलंच नाही. माझं सगळं लक्ष त्या एका शब्दावर होतं, जो कोणीच उच्चारत नव्हतं.

ऑपरेशननंतर रिपोर्ट चांगला आला. गाठ साधी होती. यजमानांनी ते मला सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मी "देव पावला" म्हणायला तोंड उघडलं. फक्त वारा निघाला.

बहिरी नाही हो मी

आवाज गेलेल्या माणसाशी लोक कसे वागतात, ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही चिडणार नाही. पहिली गोष्ट, ते तुमच्याशी ओरडून बोलतात. माझी नणंद नांदूरहून भेटायला आली आणि कॉटशेजारी उभी राहून असं किंचाळली, "वहिनी! कसं! वाटतंय!" की पलीकडच्या कॉटवरची बाई दचकून उठून बसली. दुसरे काहीजण तुमच्यासारखंच कुजबुजायला लागतात. आमच्या मुख्याध्यापकांनी येऊन सगळी चौकशी कानात केली. त्यांना वाटलं असावं, की वॉर्डातला नियमच आहे.

मला वॉर्डातल्या आयाबाईंनी एक पाटी आणून दिली. पाटीवर लिहिलं की लोक वाचायच्या आधीच उत्तर देतात. "पा" लिहिलं की पाणी येतं. मला पाय चेपून हवे होते.

पाण्याचीही भीतीच होती. घोट चुकीच्या वाटेने जायचा आणि ठसका लागून जीव कासावीस व्हायचा. हनुवटी छातीला टेकवून गिळायचं, हे एका नर्सने शिकवलं आणि ते जमल्यावर मी अख्खा पेला संपवला. त्या दिवशी मला त्या पेल्याचा जेवढा आनंद झाला तेवढा बी.एड.च्या निकालाचाही झाला नव्हता. अशी छोटी सुखं येतात. ती मोठी मानून घ्या.

घरी आल्यावर वैशालीने, माझ्या मुलीने, तिच्या जुन्या सायकलची घंटी काढून ओट्याच्या कडेला बसवून दिली. कोणी हवं असेल तर घंटी वाजवायची. सासूबाईंना ती इतकी आवडली की त्या मला हाक मारायलाही घंटीच वाजवू लागल्या.

हसू एवढंच. बाकी घरात फार ताण होता. यजमान माझ्या वतीने बोलू लागले. दुकानात, डॉक्टरांकडे, फोनवर. "तिला असं म्हणायचंय की..." आणि पुढे जे यायचं ते मला कधीच म्हणायचं नसायचं. बिचारे प्रेमाने करायचे. पण जून उजाडला, शाळा उघडली, माझी रजा वाढवायला ते एकटे शाळेत गेले आणि परत येऊन म्हणाले, "कुंदा, सर चांगलं म्हणतायत. ग्रंथालयाची जागा रिकामी आहे. पगार तोच. बोलायचं काम नाही. मी हो म्हणून आलोय."

मी पाटी घेतली, त्यावर "नाही" लिहिलं आणि पाटी त्यांच्या ताटाशेजारी आपटली. पाटी फुटली. सासूबाई आतून म्हणाल्या, "बोलली गं बाई एकदाची."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांना कागदावर लिहून मुदत मागितली. सर भले होते. ते म्हणाले, शाळा समितीला पालक विचारतात, त्यामुळे दिवाळीनंतर तुम्ही समितीसमोर एक नमुना पाठ घ्या. शेवटच्या बाकापर्यंत पोचलात तर वर्ग तुमचा. नाहीतर ग्रंथालय, आणि मग वाद नको. मी मान हलवून कबूल केलं. 

मृणालचा प्रश्न

शरणपूर रोडवरच्या एका दवाखान्यात आवाजाचे व्यायाम शिकवणारी मृणाल नावाची मुलगी होती. माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढी. तिने पहिल्याच दिवशी कुजबुजायला बंदी केली. कुजबुजण्याने गळा आणखी थकतो, हे तेव्हा मला नवीन होतं, तुम्हालाही असेल. तिने पोटातून श्वास घ्यायला शिकवलं. टेबलाची कड धरून, जोर लावून "आ" काढायला लावलं. माझ्या स्वरतंतूंची एक बाजू झोपली होती, दुसरीने पलीकडे सरकून तिचं काम करायचं होतं. कित्येक आठवडे नुसती फुसफुस. मग एके दिवशी "आ" निघाला, घोगरा, फाटका, पण आवाजच. वैशाली बाहेर बाकावर बसली होती, ती दार ढकलून आत आली.

पण एका सुराने वर्ग चालत नाही. वाक्य बोलायला गेले की तीन-चार शब्दांत श्वास संपायचा. मृणालने मराठी वर्तमानपत्र वाचायला दिलं. अर्ध्या ओळीत दम लागला. मग मी ऐटीत माझं इंग्रजीचं पाठ्यपुस्तक काढलं. तिथेही तेच.

मृणाल जरा घुटमळली. म्हणाली, "मॅडम, रागावू नका. तुम्ही प्रत्येक तुकड्यावर सारखाच जोर देताय. इंग्रजीत एका शब्दात एकाच तुकड्यावर द्यायचा असतो ना?"

इतकी वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला हे विचारणं! मी तिच्याकडे असं बघितलं, की तिने पुस्तकच मिटलं. पण प्रश्न बरोबर होता. आघात नावाचा धडा मला बी.एड.ला होता. डिक्शनरीत शब्दाच्या डोक्यावर ती बारीक उभी रेघ असते, तिच्यापुढच्या तुकड्यावर जोर द्यायचा, हे मी पेपरात लिहून आले होते. बोलायचं मात्र सगळ्यांसारखं. आपण मराठी माणसं शब्द बोलतो ते प्रत्येक अक्षराला पंगतीत बसवून, वाढप सगळ्यांना सारखं. मराठीत ते शोभतं. इंग्रजी बोलताना एकाच्या पानात लाडू पडतो आणि बाकीच्यांना चव दाखवून पुढे जातात.

त्या दवाखान्यात भिंतीवर पाट्या होत्या, त्यांवरच आम्ही सराव केला. हॉस्पिटल. जोर पहिल्या "हॉस"वर, पुढचं सगळं पुटपुटल्यासारखं. इंजेक्शन. जोर मधल्या "जेक"वर. ऑपरेशन. आधीचं ऑ आणि प हलकं घ्यायचं, जोर "रे"वर टाकायचा, "शन" विरून जाऊ द्यायचा. रिपोर्ट. जोर "पोर्ट"वर. ज्या शब्दांनी सहा महिने माझी झोप उडवली होती, तेच शब्द मी टेबल धरून एकेक करून म्हणत होते. आणि माझ्या लक्षात आलं, की दम पुरतोय. एका शब्दाला एकच धक्का द्यायचा, बाकीचे तुकडे वाऱ्यावर सोडले तरी इंग्रजीला चालतं. चालतं काय, इंग्रजीला तेच हवं असतं! माझा अर्धा आवाज वाऱ्याचाच होता. मराठीत मी अजून धापा टाकत होते, आणि इंग्रजीत एका दमात पूर्ण वाक्य म्हणाले. मृणालने टाळ्या वाजवल्या. मी रडले, आणि रडतानाही आवाज निघाला.

घरी मग गंमत सुरू झाली. मराठी वाक्य संपत नाही म्हणून मी इंग्रजीत बोलायची. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमची सून आपरेशनात बदलली. पाठवली व्हती मराठी, दिली विंग्रज." आणि लय हसायच्या.

टायर

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. सगळी ओटी झेंडूने भरते, घरातलं प्रत्येक माणूस दोरा-सुई घेऊन बसतं आणि पहाटे टेम्पो सराफ बाजाराकडे निघतो. दरवर्षी मी शाळेचं निमित्त सांगून सटकायची. त्या वर्षी निमित्त नव्हतं. बसले आणि भराभर ओवायला लागले. हातात येईल तो झेंडू, टपोरा, एकाला एक लागून.

सासूबाईंनी माझा हार उचलून बघितला. "आगं, समदेच झेंडू? ह्यो हार हाय का टेम्पोचं टायर?" त्यांनी तो माझ्या गळ्यात घातला. खरोखरच टायर. मान वळेना. "मधी शेवंती घाल की जरा. बारीक. मग त्यो झेंडू दिसंल."

सगळे हसत होते. मी हसायच्या बेतात होते आणि एकदम थांबले. मी शेवंतीचं एक फूल घेतलं, मग झेंडू, मग पुन्हा शेवंती. दोरा उचलून धरला आणि म्हणाले, "इंजेक्शन." मग दोन बारीक शेवंती, मग झेंडू, शेवटी एक शेवंती. "ऑपरेशन."

वैशालीला लगेच कळलं. तिने एक झेंडू आणि मागे दोन शेवंती ओवल्या, म्हणाली, "हॉस्पिटल!" यजमान कोपऱ्यात पानं खुडत होते, ते म्हणाले, "रिपोर्टला आधी शेवंती, मग झेंडू. बरोबर ना?" बरोबर होतं. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा माझ्या वतीने न बोलता माझ्याशी बोलत होते. सासूबाईंनी दोन घटका हे बघितलं आणि घंटी मागवली, ती वाजवून म्हणाल्या, "खेळ बास. माल कोण भरणार? हे इंजिक्सन मारोतीला घालू का?"

मला नमुना पाठ मिळाला होता.

नमुना पाठ

नववीचा वर्ग. मागच्या भिंतीशी खुर्च्या मांडून शाळा समितीची माणसं बसलेली, मुख्याध्यापक, आणि अध्यक्ष भाऊसाहेब. भाऊसाहेबांची द्राक्षबाग, शिवाय हायवेवर हॉटेल. मी टेबलावर दोन टोपल्या ठेवल्या, प्रत्येक बाकावर सुई-दोरा वाटला आणि "गुड मॉर्निंग" म्हणाले. शेवटचा तुकडा निघालाच नाही. मागच्या रांगेत कोणीतरी घसा खाकरला. मुख्याध्यापकांनी खाली बघितलं. यजमानांचं "मी हो म्हणून आलोय" हे वाक्य त्या क्षणी मला आठवलं, आणि राग आला. राग पोटातून येतो, हे एक बरं असतं. मी टेबलाची कड धरली आणि श्वास घेतला.

फळ्यावर शब्द लिहिले. एकेक शब्द मी म्हणायचा, मुलांनी ओवायचा. आमच्या शाळेतली निम्मी पोरं फुलं-भाजीच्या घरची, सुईला भितात कशाला? पाच मिनिटांत वर्गभर शब्द लटकायला लागले. मी फक्त जोराचा तुकडा मोठ्याने म्हणायची, तेवढा दम माझ्याकडे होता. बाकीचं मुलं म्हणत होती.

मग "हॉटेल" आला. सगळ्यांनी झेंडू आधी ओवला, शेवंती मागे. मी मान हलवली आणि फुलांची जागा बदलली. मागून भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, म्हंजी आमच्या हॉटेलची पाटीच चुकलीय का?"

वर्ग हसला. मी म्हणाले, "तुमचं हॉटेल मराठी आहे, भाऊसाहेब. ते बरोबरच आहे. साहेबाचं हॉटेल मागून जोर घेतं."

"मंग साहेब आला तर कसं बोलवायचं?"

"होटेल," मी म्हणाले, "टेल"वर सगळा जोर टाकून. मागच्या भिंतीवरून तो शब्द मला परत ऐकू आला.

एवढ्यात विमान आलं. ओझरहून चाचणीला लढाऊ विमान उडालं की आमच्या शाळेच्या डोक्यावरून जातं. तेव्हा सगळे शिक्षक खडू हातात धरून थांबतात. दुसरा उपाय नसतो. मी थांबले नाही. मी फळ्यावरच्या शब्दावर बोट ठेवलं, दोरा उंच धरला आणि झेंडूवर टाळी द्यायला लावली. वर्गाने शेवंतीवर नुसते ओठ हलवले आणि झेंडूवर टाळी दिली. ऑपरेशन, इंजेक्शन, हॉस्पिटल, शब्दामागून शब्द. विमान गेलं तेव्हा टाळ्या चालूच होत्या आणि त्या सगळ्या एका जागी पडत होत्या. भाऊसाहेबही टाळ्या देत होते.

तास संपल्यावर मुख्याध्यापक माझ्यापर्यंत चालत आले. म्हणाले, "सोमवारपासून नववी ब तुमची." आणि त्यांनी ते कानात सांगितलं नाही, चांगलं मोठ्याने सांगितलं.

गेटबाहेर यजमान स्कूटर घेऊन उभे होते.  मीच सांगितलं, मराठीत, तीन वेळा श्वास घेऊन. ते शेवटपर्यंत थांबले.

सोमवारनंतर

इथे संपवलं असतं तर बरं दिसलं असतं, पण खरं सांगायचं कबूल केलंय.

नववी ब माझी झाली खरी, पण मुलांना घरून बजावून पाठवलं होतं, मॅडम आजारी आहेत, त्रास देऊ नका. मी वर्गात शिरले की टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. प्रश्न विचारला की उत्तरही हळू आवाजात. कोणी खोडी काढेना, कोणी मागे बोलेना. आघात छान शिकत होती पोरं, मीही छान शिकवत होते, आणि रोज घरी येताना मला वाटायचं की मी अजून त्या कॉटवरच आहे आणि हे सगळे भेटायला आलेत. एवढं झगडून जो वर्ग मिळवला, तो माझी कीव करत होता. हे मी कोणाला सांगितलं नाही. आवाज परत आल्यावर नाही ते रडगाणं कशाला, असं सगळे म्हणाले असते.

थंडी सरत आली तसं ते थोडं थोडं सुटत गेलं. आधी खिडकीजवळच्या दोघी खुसखुसल्या. मग एक कागदाचा बाण उडाला. मी शिकवत राहिले, पुढे काय होतं ते मला बघायचं होतं. आणि एका दुपारी मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना मागे जो काही बाजार भरला! बाक वाजत होते, कोणी कोणाचा डबा पळवला होता, शेवटच्या रांगेत सरळसरळ भांडण चाललं होतं. मी आजारी होते हे नववी ब साफ विसरून गेली होती.

मी वळले. श्वास कुठून घेतला, टेबल धरलं की नाही, मला आठवत नाही.

"गप्प बसा!"

प्रत्येक अक्षरावर सारखा जोर. अस्सल मराठी. काचा हादरल्या नसतील, पण मला तसं वाटलं. पोरं जिथे होती तिथे थिजली. शेवटच्या रांगेतल्या एकाच्या हातात दुसऱ्याची कॉलर तशीच राहिली.

शेजारच्या वर्गातून वैद्यबाई धावत आल्या, दारात उभ्या राहून त्यांनी वर्गावरून नजर फिरवली आणि घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "कोण ओरडलं?"

मी हातातला खडू खाली ठेवला.

"मी."